एकाला अठ्ठेचाळीस

१७ जानेवारी १९७१, रविवार. कोपरगाव

रंगनाथदादा सकाळी तिसगावहून आला आणि दुपारच्या एस.टी.ने परतही गेला. येताना आईने दिलेली बाजरी आणि एक निरोप घेऊन आला होता. आसारामची दुसरी बायको बाळंतपणात गेली. मूल जगलं, ते सध्या आजोळी आहे. दादाचं म्हणणं असं, की आता वाट मोकळी झाली, तुझं घर तुला परत मिळतंय, तर नांदायला जा. पाच वर्षांपूर्वी आसारामने ती दुसरी आणली आणि मी नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडले, तेव्हा ते घर कुणाचं होतं, असं मी विचारलं. दादा म्हणाला, जुनं उकरू नको.

मी त्याला जेवू घातलं आणि नाही म्हणून सांगितलं. तो चिडला नाही. जाताना म्हणाला, विचार कर, गणपती उठेपर्यंत तुला वेळ देतो, मग न्यायला येतो. म्हणजे वेळसुद्धा त्याचाच, आणि तो मला देणार.

माझ्या घरमालकीण राहीबाई भिंतीपलीकडून सगळं ऐकत होत्या. दादा गेल्यावर आल्या आणि बाजरी निवडायला बसल्या. यांची खोली भाड्याने घेतली हे माझं नशीब.

१ फेब्रुवारी, सोमवार

पगार झाला. दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होते. काकासाहेबांचा मुंबईचा अर्जंट कॉल मीच जोडून दिला. काकासाहेबांचं बसस्टँडसमोर हॉटेल आहे. भजी आणि चहा हा त्यांचा दिसणारा धंदा, न दिसणारा पैजा घेण्याचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरला मध्ये बोलावं लागतं, तेव्हा जे कानावर पडतं ते पडतं. ते बाहेर बोलायचं नसतं आणि मी कधी बोललेही नाही. पण आपल्याच डोक्यात ठेवायला कुणाची बंदी नाही. मुंबईवाला भाव सांगत होता. हिंदुस्थानने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली तर एकाला सहा. उन्हाळ्यानंतर इंग्लंडमध्ये जिंकली तर एकाला आठ. आणि दोघेही हसत होते.

ते हसणं मला लागलं. माझे वडील भिंगार कॅम्पातल्या क्रिकेटच्या मैदानावर माळी होते. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याबरोबर रोलर ओढला आहे. पुढे स्कोअर लिहिणाऱ्या सुभेदारांच्या शेजारी बसून वहीत ठिपके द्यायला शिकले. वडील खेळपट्टीला अंगठा लावून सांगायचे, ही तिसऱ्या दिवशी फुटणार. ती फुटायचीच. आपल्याकडे यंदा चेंडू वळवणारे तिघं-चौघं आहेत, कप्तान नवा आहे, आणि मुंबईचा एक नवा पोरगा सलामीला जाणार आहे. हरायचं कारण काय?

दुपारी कानिफनाथ लाइनमन बोर्डाची तार बघायला आला. हा आमच्या तिसगावकडचाच. त्याचे आईबाप दर साली ऊसतोडीला कारखान्याच्या अड्ड्यावर येतात. याने मात्र कोयता सोडून खांबावर चढायचं काम धरलं. ऑफिसात सगळे मला ताई म्हणतात. हा एकटाच, गावाकडचा असून, ऑपरेटरबाई म्हणतो. तारा जोडत गावभर फिरतो म्हणून लोकांच्या पैजा काकासाहेबांकडे पोचवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला विचारलं, दोन्ही मालिकांवर एकदम लावलं तर काय भाव?

तो म्हणाला, त्याला जोडी म्हणतात. पहिल्या मालिकेवरचा रुपया सहा होतो. ते सहा हातात मिळत नाहीत, तसेच्या तसे दुसऱ्या मालिकेवर चढतात आणि आठपट होतात. सहा आठ्ठे अठ्ठेचाळीस. पण एक जरी निसटली तर रुपयाही गेला. बरोबरीत सुटली तरी गेला. पहिली जिंकली म्हणून अर्धं मिळत नाही. नगरपालिकेच्या शिपायाने मागल्या साली पुण्याच्या तीन घोड्यांची साखळी लावली होती. दोन पहिले आले, तिसरा मानेएवढ्या अंतराने मागे राहिला, आणि शिपायाला बिडीपुरतंही मिळालं नाही. पैज घेणाऱ्याला जोडी फार आवडते, कारण ती बहुतेक मध्येच तुटते. पैज घेण्याला ते 'खाणं' म्हणतात. लावणारा लावतो, शेठ खातो.

मी चार दहाच्या नोटा काढून दिल्या. हिंदुस्थान दोन्हीकडे, जोडी.

त्याने नोटा दोनदा मोजल्या. म्हणाला, "ऑपरेटरबाई, साडी घ्या त्यापरीस."

मी म्हटलं, साडी मी पुढल्या पगाराला घेईन, तुम्ही पैसे पोचवा.

४ फेब्रुवारी, गुरुवार

कानिफने चिठ्ठी आणून दिली. वहीच्या पानाचा तुकडा आहे. 'हिं. वे.इं. / हिं. इं. जोडी रु. ४०, भाव ४८', आणि खाली सही म्हणून नुसतं 'का.' काकासाहेब पूर्ण सही करत नाहीत म्हणे, पोलिसांमुळे. शेठ हसले का, असं विचारलं. म्हणाला, न्हाई, हसले न्हाईत. मग लगेच बूट घालून निघून गेला.

एकोणीसशे वीस होतील. नगरच्या वकिलाकडे जाऊन कोर्टातून सोडचिठ्ठी मागायची आणि दादाच्या हातात कागद ठेवायचा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वहीला सांगितलं.

२४ फेब्रुवारी, बुधवार

पहिली कसोटी बरोबरीत. पण त्यांना फॉलोऑन दिला आपण. वेस्ट इंडीजला, त्यांच्याच घरी. सकाळच्या बातम्यांत एवढंच वाक्य आलं, आणि मी स्टोव्हवरचं दूध उतू घालवलं.

११ मार्च, गुरुवार

जिंकलो. सात गडी राखून. गावात आज निवडणुकीच्या निकालाशिवाय दुसरं बोलणं नाही, गुलाल उडतोय, बोर्डावर एकामागून एक ट्रंककॉल. माझ्या आनंदात वाटेकरी कुणीच नव्हतं. कानिफ खांबावरून उतरत होता, त्याला हाक मारून सांगितलं. त्याचा पाय पायरीवरून घसरला. नशीब, खालच्या दोनच पायऱ्या राहिल्या होत्या. म्हणाला, अजून तीन म्याच हाईत न्हवं? मी म्हटलं, आहेत, पण आता आपण नुसतं हरायचं नाही, एवढंच पुरे. तो मान हलवत गेला.

२० एप्रिल, मंगळवार

पाचवीही बरोबरीत. मालिका आपली. जोडीतला पहिला मणी ओवला गेला. माझे चाळीस आता दोनशे चाळीस झाले आणि इंग्लंडवर चढून बसले. वर्तमानपत्रवाल्याकडून पेपर विकत घेतला, एरवी मी ऑफिसातला वाचते.

कानिफ दोन दिवस कामावर नाही. आईबाप अड्डा उठवून गावी चालले, त्यांना पोचवायला गेलाय असं सुपरवायझर म्हणाले.

२३ एप्रिल, शुक्रवार

कानिफ आला. डोळे खोल गेलेले. सांगू लागला, शेठ म्हणतात, बाईमाणसाची पैज आहे, पुढं इंग्लंड म्हणजे भिंत, उगाच जीव टांगणीला कशाला, चिठ्ठी परत द्या आणि शंभर रुपये घ्या.

मला आधी हसू आलं आणि मग राग. चाळीसाचे शंभर, म्हणजे त्याला वाटलं मला पाढे येत नाहीत. पहिला भाग जिंकलेल्या चिठ्ठीची किंमत आजच दोनशे चाळीस आहे, आणि ती आठने गुणायची बाकी आहे. मी कानिफला कागदावर मांडून दाखवलं. त्याला ते माझ्याइतकंच येत असणार, तरी निमूट ऐकत बसला. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या शेठला सांगा, घाबरला असेल तर घाबरू दे. चिठ्ठी मिळणार नाही."

"तसंच सांगू?"

"तसंच."

त्याने शंभर रुपये म्हणून जे आणलं होतं ते सगळं सुटं होतं. दहाच्या, पाचच्या, दोनच्या नोटा. शेठसारखा माणूस एवढी चिल्लर पाठवतो, हाही अपमानच.

९ मे, रविवार

बाजारात काकासाहेब समोर आले. मी मान फिरवली. ते मात्र थांबले, राम राम केला आणि घरचं बरं आहे का विचारलं. मनात भीती असली की माणूस असा गोड होतो. मी उत्तर दिलं नाही. ते थोडे बावचळल्यासारखे झाले.

एक गोष्ट मला उमगत नाही. मोठी पैज खाल्ली की शेठ लोक तिचा भार पुढे मुंबईला ढकलतात, स्वतःवर ठेवत नाहीत. काकासाहेबांचे कॉल मीच जोडते. या जोडीबद्दल एक शब्द माझ्या कानावर पडलेला नाही. ते मजेत असतात. इंग्लंड जिंकणार याची एवढी खात्री असेल तर असू दे.

१३ जून, रविवार

काल सुट्टी घेऊन नगरला वकिलांकडे गेले होते. वयस्क आहेत, कमी बोलतात. म्हणाले, खटला होईल, पण सुरुवातीलाच चारशे लागतील आणि पुढे दर तारखेला काही ना काही. घरचं कुणी बरोबर का नाही, असं विचारलं. मी म्हटलं, घरच्यांच्याच विरुद्ध आहे ते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मैदान बघायला भिंगारला गेले नाही. वेळ होता, पण गेले नाही.

१६ जून, बुधवार

आज आसाराम एक्स्चेंजच्या दारात येऊन उभा राहिला. पाच वर्षांनी. अंगाने सुटलाय. सुपरवायझर जेवायला गेले होते. कानावर हेडफोन तसाच ठेवून मी त्याच्याशी बोलले. म्हणाला, झालं गेलं सोड, पोराला आई पाहिजे. मी म्हटलं, पोराला आई पाहिजे ते खरं, पण मला तू नको आहेस. तो आत आला आणि बोर्डाच्या खुर्चीला हात घातला. मी एक प्लग पोलीस चौकीच्या भोकात घातला आणि त्याला दाखवला. म्हटलं, नुसती किल्ली खाली केली की तिकडे घंटा वाजते.

तो गेला. जाताना म्हणाला, तुझा दादा कबूल झालाय. झाला असेल. दादाला नांदायला जायचं असेल तर त्याने जावं.

बाहेर कानिफ पान्हा हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता. तिथे कसली तार बिघडली होती, काय माहीत. आसाराम बसस्टँडकडे वळेपर्यंत तो मागोमाग चालत गेला. पुन्हा आला तेव्हा मी विचारलं, काम झालं का? म्हणाला, झालं.

रात्री दाराची कडी तीनदा उठून बघितली. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी स्वतःला फार शूर समजणार नाही.

५ जुलै, सोमवार

कानिफ पायी येतोय. सायकल कुठे, तर म्हणे विकली. हातातली चांदीची अंगठीही दिसली नाही. त्याला काहीतरी व्यसन लागलं असावं, पत्ते किंवा आणखी काही. चांगला माणूस, वाईट वाटलं. मग पुन्हा शेठचा निरोप म्हणून बसला. यावेळी पावणेदोनशे. म्हणाला, "घ्या, ऑपरेटरबाई. मी पाया पडतो."

दुसऱ्यासाठी हा माणूस पाया पडतो, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, शेठची नोकरी करता का सरकारची? स्वतःसाठी काही मागायचं असेल तर मागा, देईन. शेठसाठी एक पैसाही सुटणार नाही. त्याने नोटा पुन्हा खिशात घातल्या. मी पाच रुपये देऊ केले, सायकल भाड्याने घ्यायला. ते त्याने घेतले नाहीत.

२८ जुलै, बुधवार

लॉर्ड्सला पाऊस आला, इंग्लंडमधली पहिली कसोटी बरोबरीत. अडतीस धावा हव्या होत्या, दोन गडी शिल्लक. काय झालं असतं कुणास ठाऊक. आपण हरलोही असतो. इथे नदीकाठी ढगाचा पत्ता नाही, पेरण्या खोळंबल्यात, आणि तिकडे नको तिथे पडतो.

११ ऑगस्ट, बुधवार

मँचेस्टरलाही पाऊस, शेवटचा दिवस पूर्ण गेला. यावेळी खरं सांगायचं तर पावसाने आपल्याला वाचवलं. चारशे वीस करायच्या होत्या आणि तीन गडी आधीच गेले होते.

आता एकच कसोटी. ती जिंकलीच पाहिजे. बरोबरीत सुटली तर जोडी गेली. भाव आता विचारला तर एकाला वीसही कुणी देईल.

कानिफचा चेहरा मात्र आज किती महिन्यांनी उजळला होता. राहात्याचे पेरू घेऊन आला, पिशवीभर. म्हणाला, आता काय हुतंय, सुटली समजा बरोबरीत. आणि वर असंही म्हणाला, की तुमचे चाळीस रुपये कुठं जात न्हाईत, बघा तुमी. जोडी तुटली तर चाळीस कसे राहतील? समजूत घालायला माणूस काहीही बोलतो. पेरू गोड होते. निम्मे राहीबाईंना दिले.

२३ ऑगस्ट, सोमवार

इंग्लंड सर्वबाद एकशे एक.

मी हे तीनदा लिहून बघितलं आणि दोनदा खोडलं. संध्याकाळपाळीला होते. सुपरवायझरांच्या ट्रांझिस्टरवर विलायतेचं समालोचन खरखरत येत होतं. आपल्याला एकशे त्र्याहत्तर करायच्या आहेत. दोन बाद शहात्तर झाल्या. उरल्या सत्त्याण्णव.

कानिफला सांगायला बाहेर गेले तर तो पायरीवर डोकं गुडघ्यात घालून बसला होता. त्याने आधीच ऐकलं होतं.

२४ ऑगस्ट, मंगळवार. गणेश चतुर्थी

जिंकलो.

सात वाजून पाच-दहा मिनिटं झाली असतील. समोरच्या आळीत आरती चालू होती आणि बोर्डावर एकही दिवा लागत नव्हता, सगळं गाव रेडिओला कान लावून बसलेलं. मग एकदम सगळे दिवे लागले. मी पहिला प्लग लावण्याआधी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. वडील असते तर म्हणाले असते, अंगठा लावला होतास ना? लावला होता.

२५ ऑगस्ट, बुधवार

सगळं नीट लिहिते.

सकाळी दहाला मी काकासाहेबांच्या हॉटेलात गेले. त्या हॉटेलात बाईमाणूस एकटं जात नाही, गेलं तर मागल्या पडद्याआडच्या बाकावर बसतं. मी पुढच्या बाकावर बसले. आठ-दहा माणसं होती. सगळी माझ्याकडे वळली. मी गल्ल्यावर चिठ्ठी ठेवली आणि म्हटलं, काकासाहेब, माझे एकोणीसशे वीस.

काकासाहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली. उजेडाकडे धरली. मग हळू आवाजात म्हणाले, "ताई, हे अक्षर माझं न्हाई. आन ही जोडी माझ्याकडं कुनी लावलीच न्हाई. उभ्या तालुक्यात एकानंबी लावली न्हाई. लावली आसती तर मी आज हॉटेल इकाया काढलं आसतं."

मला वाटलं, हा नाकारतोय. मी म्हटलं, सही आहे खाली. ते म्हणाले, का म्हनजे काय मी एकलाच हाय का गावात?

तेव्हा दाराशी कानिफ उभा दिसला. माझ्या मागोमाग आला असणार. तो पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमची जोडी मीच खाल्ली, ऑपरेटरबाई. शेठपतुर आनलीच न्हाई."

कुणीतरी हसलं. मग बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने बशी तोंडाला लावली.

कानिफने आतल्या खिशातून मेणकापडाची घडी काढली. त्यात चार दहाच्या नोटा होत्या. मी फेब्रुवारीत दिलेल्याच. एकीच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग होता, तो मी ओळखला. तो सांगू लागला, की पैसे बुडणार हे दिसत होतं, म्हणून पोचवलेच नाहीत. हरल्यावर परत देणार होतो, म्हणजे तुमचे वाचले असते. पहिली मालिका जिंकली तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही. मग सायकल विकली, अंगठी विकली, चिठ्ठी परत घ्यायला बघितलं. शेठने एकदाही काही सांगितलं नव्हतं. शंभरही कानिफचेच आणि पावणेदोनशेही कानिफचेच.

मला पैशांचं आधी काहीच वाटलं नाही. दुसरंच वाटलं. रागात मी त्याला अरे-तुरे केलं.

"म्हणजे मी हरणार हे तुला ठाऊक होतं."

"समद्या गावालाच ठाऊक हुतं."

"गावाला मी विचारलं नव्हतं. तुझ्याकडे पैसे दिले होते."

त्याने मान खाली घातली. दादाला वाटतं मी हरणार, आसारामला वाटतं, मुंबईवाल्याला वाटतं. त्यांचं मला काही नाही. पण हा रोज माझ्याशी बोलायचा, मी कागदावर मांडलेलं ऐकायचा, आणि यानेही मला पहिल्या दिवसापासून हरलेलीच धरलं होतं. वर माझ्यावर दया केली. मला दया नको होती. मला भाव हवा होता.

मी काकासाहेबांना विचारलं, तुमच्या धंद्यात जो खातो तो देतो ना?

"त्योच कायदा हाय, ताई."

"मग हा देईल. खाल्ली असं तोच म्हणाला."

काकासाहेबांनी मध्ये पडून बघितलं. गरीब माणूस आहे, मन वाईट नव्हतं, निम्म्यावर मिटवा. मी म्हटलं, एक रुपया सोडणार नाही. मी हरले असते तर मला कुणी निम्मे परत दिले असते का? चाळीस तर माझेच होते, ते मी उचलून पिशवीत टाकले. उरले अठराशे ऐंशी. कानिफ म्हणाला, महिन्याला चाळीस देईन. काकासाहेबांनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, अरे, चार वर्षं जातील. कानिफ म्हणाला, चार वर्षं तर चार वर्षं. सकाळपासून पहिल्यांदा त्याने मान वर केली ती हे बोलताना.

चहाचे पैसे काकासाहेबांनी घेतले नाहीत. मी गल्ल्यावर ठेवून आले.

२७ ऑगस्ट, शुक्रवार

सुपरवायझरांनी लेखी खुलासा मागवला. सरकारी नोकर असून सट्टा लावला, आणि सार्वजनिक ठिकाणी वसुलीला गेलात. मी लिहून दिलं, की पैज लावण्याचा माझा विचार होता, पण ती बुकीपर्यंत पोचलीच नाही, याला हॉटेलमालक आणि आठ गिऱ्हाईकं साक्षीदार आहेत. बोर्डावर ऐकलेला एकही शब्द मी कुणाला सांगितलेला नाही, हे वहीवर हात ठेवून लिहिलं. सुपरवायझरांनी वाचलं, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, पण इंग्लंडला हरवतील हे तुम्हांला कसं कळलं? मी त्यांना खेळपट्टीचं सांगितलं. अर्धा तास गेला. कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. पुढे काय होईल ते बघू. बदली केली तर जाईन, बोर्ड सगळीकडे सारखाच असतो.

५ सप्टेंबर, रविवार

गणपती उठले आणि दादा आला, बोलल्याप्रमाणे. हॉटेलातली गोष्ट तिसगावपर्यंत पोचली होती. म्हणाला, "आपल्या घराची अब्रू तू भज्याच्या दुकानात मांडलीस."

मी म्हटलं, मी माझे पैसे मागायला गेले होते, अब्रू मागायला नाही.

तो म्हणाला, बॅग भर. मी बसून राहिले. एकोणीसशे वीस हातात असते तर मी काय काय बोलणार होते, ते मी महिनोन्‌महिने मनात घोळवलं होतं. त्यातलं काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं, की वकिलांना हप्त्याने पैसे देणार आहे, ते कबूल झालेत, या महिन्यात अर्ज दाखल होईल. दादाने विचारलं, आणि हरलीस तर?

"तर हरेन. पण लावणार मीच."

तो राहीबाईंकडे बघू लागला, त्या तरी काही सांगतील म्हणून. राहीबाई म्हणाल्या, "पोरीला भाडं भरता येतं, भाऊसायब. मला तेवढं पुरं हाय." दादा न जेवता गेला. बसस्टँडपर्यंत मी बरोबर गेले, तो दोन पावलं पुढे, मी मागे. गाडी सुटताना त्याने खिडकीतून बघितलं. आईला बाजरी पुरली का विचार, असं मी ओरडून सांगितलं. ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

काल नगरला अर्ज दाखल झाला. कारकुनाने विचारलं, बाई, कारण थोडक्यात सांगा. मी म्हटलं, थोडक्यात नाही सांगता येणार, लिहून घ्या. लिहून घेतलं त्याने, दीड पान.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

कानिफचा दुसरा हप्ता आला. पहिलाही एक तारखेलाच आला होता, एक दिवस इकडचा तिकडे नाही. हे एक मानावं लागेल. ऑफिसात सहज देता आला असता, पण म्हणाला, देण्याघेण्याचं ऑफिसात नको, घरी आणून देतो. ठीक आहे.

देणं द्यायला येणारा माणूस एवढा नीट भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून कशाला येतो, मला कळत नाही. पेरूही आणले. मी सांगितलं, हे हप्त्यात धरले जाणार नाहीत. म्हणाला, धरू नका. पाऊण तास बसला. आपण पुढच्या वर्षी पुन्हा इंग्लंडशी खेळू तेव्हा काय होईल, असं विचारत होता. मी सांगत गेले आणि त्याने एकदाही मान नुसती हलवली नाही, उलटे प्रश्न केले. कुठे फुटते खेळपट्टी, कशी ओळखायची. आता शिकायला लागलाय.

निघताना दारात घुटमळला. म्हणाला, एकदम चाळीस जड जातात, पंधरा दिवसांनी वीस आणि पुन्हा वीस असे दोनदा आणून दिले तर चालेल का? मला वाटलं, देणं लांबवायचा डाव असेल. पण हिशोब करून बघितला तर रक्कम तेवढीच राहते, फक्त त्याचीच एक खेप वाढते. तोटा झाला तर त्याचा. मी हो म्हटलं.

राहीबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. म्हणाल्या, ह्या पोराचं देनं चार वर्सांत फिटायचं न्हाई. मी त्यांना वही उघडून दाखवलं. सत्तेचाळीस हप्ते, शेवटचा जुलै पंच्याहत्तरला, त्यानंतर त्याला इथे यायचं काहीच कारण उरत नाही. त्या आणखी हसल्या. यात हसण्यासारखं काय आहे ते मी विचारणार नाही.